शाळेच्या ग्रंथालयाचं फर्निचर: काय घ्यावं, कोणत्या मापाचं आणि कुठे फसगत होते

शाळेला ग्रंथालयासाठी पैसे मिळाले की पहिली खरेदी जणू ठरलेलीच असते: साडेसहा फुटी लोखंडी कपाट, दोन दारं आणि कुलूप. पुस्तकं आत जातात, किल्ली ड्रॉवरमध्ये जाते. मग दुसरीतल्या लेकराला गोष्टीचं पुस्तक हवं असेल तर आधी मोठ्या माणसाकडे मागावं लागतं, आणि ते मागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत, असं म्हटलंय. कपाट कसलं हवं ते त्यात नाही. ते आपल्यालाच ठरवायचं आहे.

म्हणून फर्निचरचा कुठलाही नग बघताना एकच कसोटी लावा: शाळेतलं सगळ्यात लहान मूल कुणाला न विचारता पुस्तक काढू शकेल का, आणि परत जागेवर ठेवू शकेल का? रंग, चकाकी, कंपनी हे सगळं त्याच्यानंतर.

आधी तीन मोजण्या

दुकानात जाण्याआधी कागद, पेन्सिल आणि मीटरटेप घेऊन बसा.

पहिली मोजणी मुलांची. एकूण पट किती, यापेक्षा एका वेळी ग्रंथालयात किती मुलं येतील, हा आकडा महत्त्वाचा. बहुतेक शाळांत एका तासाला एक वर्ग येतो, म्हणजे ३० ते ४० मुलं. बसण्याची सोय तेवढ्यांची करा, अख्ख्या शाळेची नको.

दुसरी मोजणी पुस्तकांची, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. पुस्तकांची संख्या उपयोगाची नाही, त्यांची जाडी उपयोगाची. पुस्तकं एकावर एक रचा आणि ढिगाची उंची मोजा. उदाहरणार्थ ६०० पुस्तकं धरू. त्यातली ३५० पातळ चित्रपुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं, सरासरी ५ मिलिमीटर जाड, म्हणजे पावणेदोन मीटर. २०० मध्यम पुस्तकं १० मिलिमीटरची, म्हणजे २ मीटर. ५० शब्दकोश, विश्वकोशाचे खंड आणि तसली जाडजूड पुस्तकं २५ मिलिमीटरची, म्हणजे सव्वा मीटर. एकूण ५ मीटर. फळी कधीही पाऊण भागापेक्षा जास्त भरायची नाही, नाहीतर मुलाला पुस्तक ओढून काढावं लागतं आणि पुस्तकाच्या पाठीचा वरचा भाग फाटतो. तेव्हा ५ मीटरला साधारण पावणेसात मीटर फळी लागते. पुढच्या काही वर्षांची नवी पुस्तकं धरून ८ मीटर घ्या. ९० सेंटिमीटर रुंदीच्या, तीन फळ्यांच्या बुटक्या रॅकमध्ये २.७ मीटर फळी मिळते, म्हणजे तीन रॅक पुरतात. तीनच! याच ६०० पुस्तकांसाठी सहा कपाटांची मागणी लिहिणाऱ्या शाळा कमी नाहीत.

तिसरी मोजणी खोलीची. लांबी-रुंदी तर घ्याच, शिवाय दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंच आहे, स्विचबोर्ड कुठे, फळा कुठे, उंबरठा किती उंच, हेही टिपा. पाऊस कुठून गळतो ते शिपाईमामांना विचारा, त्यांना ते पक्कं माहीत असतं. खोलीचा नकाशा चौकटीच्या वहीत काढा, एक चौकट म्हणजे एक फूट. रॅक आणि टेबलांचे त्याच प्रमाणात कागदी तुकडे कापून नकाशावर सरकवून बघा. दोन रॅकच्या मध्ये किमान ९० सेंटिमीटर जागा सोडा. चाकाच्या खुर्चीवरचं मूल शाळेत असो वा नसो, एक मुख्य वाट १२० सेंटिमीटरची ठेवा आणि खुर्ची वळवायला एका ठिकाणी दीड मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा सोडा. ते मूल पुढच्या जूनमध्ये येऊ शकतं.

लोखंडी कपाटाचं काय करायचं

नेहमीचं ऑफिसचं कपाट ७८ इंच उंच, ३६ इंच रुंद आणि १९ इंच खोल असतं. हे माप फायलींचं आणि कपड्यांचं आहे. मुलांचं साधं पुस्तक १४ ते १८ सेंटिमीटर रुंद असतं, कपाटाची खोली मात्र ४८ सेंटिमीटर. त्यामुळे पुस्तकांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग कायमची नजरेआड होते. चार फळ्यांमुळे पाच खण पडतात, प्रत्येक खण साधारण ३७ सेंटिमीटर उंच. २२ सेंटिमीटरच्या पुस्तकावर १५ सेंटिमीटर हवा राहते, मग त्या हवेत आडवी पुस्तकं कोंबली जातात. सगळ्यात वरचा खण पाचवीच्या मुलाच्या डोक्याच्याही वर.

ज्या शाळेत अशी कपाटं आधीच आहेत, तिने ती भंगारात देऊ नयेत. दारांचे बिजागर काढून दारं वेगळी करा, किंवा शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत दारं उघडीच ठेवायचा नियम करा. प्रत्येक खणात मागच्या अर्ध्या भागात १० सेंटिमीटर उंचीचा लाकडी पाट ठेवला की मागची रांग पुढच्या रांगेच्या वर डोकावते आणि पुस्तकांची नावं दिसतात. वरच्या दोन खणांत जुने अंक, जादा प्रती आणि शिक्षकांची संदर्भपुस्तकं ठेवा.

कुलपाचा मुद्दा टाळून चालत नाही. पुस्तकं जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेली असतात, हरवलं तर जबाबदार कोण, ही शिक्षकांची भीती खरी आहे. त्यावर दोन उपाय चालतात. खोलीच्या दाराला कुलूप असेल तर आतल्या रॅकला कुलपाची गरज नाही. आणि वेगळी खोलीच नसेल, पुस्तकं वऱ्हांड्यात किंवा वर्गात ठेवायची असतील, तर चाकांची पुस्तकगाडी करून घ्या: ९० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल, ९० उंच. दिवसा वर्गात, संध्याकाळी कार्यालयात. गाडीची उंची पायाच्या खोलीच्या दुपटीपेक्षा जास्त झाली की वळणावर ती कलंडते, म्हणून आणखी उंचीचा मोह नको. चाकं किमान १०० मिलिमीटर व्यासाची, रबरी, दोन चाकांना ब्रेक. दुकानदार ५० मिलिमीटरची प्लॅस्टिकची चाकं लावून देतात. ती शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात आणि उंबरठा ओलांडताना तुटतात.

रॅकची उंची आणि फळ्या

पहिली ते चौथीसाठी वरची फळी जमिनीपासून ११५ ते १२० सेंटिमीटरपेक्षा उंच नको. पाचवी ते आठवीला १५० पर्यंत चालतं, नववी-दहावीला १८० पर्यंत. सगळे वर्ग एकाच खोलीत येत असतील तर माप लहान मुलांचं घ्या. मोठं मूल खाली वाकू शकतं, लहान मुलाला मात्र वर पोचता येत नाही, आणि हात पोचला नाही की ते फळीवर पाय देऊन चढतं.

बुटक्या रॅकची चालणारी मापं अशी: सगळ्यात खालची फळी जमिनीपासून १२ सेंटिमीटरवर. त्यावर ३४ सेंटिमीटरचा खण, मोठ्या आकाराच्या पुस्तकांसाठी. त्याच्यावर ३०-३० सेंटिमीटरचे दोन खण. वरचा पृष्ठभाग साधारण ११२ ते ११५ सेंटिमीटरवर येतो, तिथे नवी पुस्तकं उभी मांडता येतात. फळीची खोली २५ सेंटिमीटर, मोठ्या चित्रपुस्तकांच्या रॅकला ३०. खालचे १२ सेंटिमीटर वाया जातात असं वाटेल, पण फरशी पुसताना बादलीचं पाणी, दाराखालून येणारा पाऊस आणि वाळवी हे तिन्ही खालूनच येतात.

आता वजन. साध्या गोष्टींच्या पुस्तकांनी भरलेल्या ९० सेंटिमीटरच्या फळीवर २० किलोच्या आसपास भार येतो. तीच फळी ए-४ आकाराच्या जाड पुस्तकांनी भरली तर ४५ किलोपर्यंत जातो. त्यामुळे प्रत्येक फळी ५० किलो पेलेल अशीच घ्या, कारण कुठल्या फळीवर पुढे काय येईल याचा भरवसा नसतो. फळीचा वाक लांबीबरोबर फार झपाट्याने वाढतो: त्याच जाडीच्या आणि तेवढ्याच गच्च भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली तर वाक सोळापट होतो. सलग सहा फुटी फळीची रॅक दिसायला ऐसपैस वाटते, वर्षभरात मात्र ती झोळीसारखी लोंबते. लाकडी फळी असेल तर १८ मिलिमीटर प्लायला ७५ सेंटिमीटरपेक्षा लांब गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ठेवू नका. त्याहून लांब हवी असेल तर समोरच्या कडेला खालून ४० मिलिमीटर उंचीची सागवानी पट्टी ठोकून घ्या.

लोखंड, लाकूड की प्लाय

मराठवाड्यात निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: वाळवी, धूळ आणि उन्हाळा. याचा विचार करता आमचं मत लोखंडी सांगाड्याच्या बाजूने आहे. सांगाडा लोखंडी आणि फळ्या प्लायच्या, हा मेळ तर गावातला वेल्डिंगवाला आणि सुतार मिळून उत्तम करतात.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९, २२ गेज ०.७. पत्र्याच्या फळीला २० गेज घ्या. २२ गेज घ्यायचाच असेल तर फळीच्या चारही कडा दुमडलेल्या आणि खालून मधोमध एक पन्हाळी पट्टी वेल्ड केलेली हवी. उभ्या खांबांना छिद्रांचा अँगल १४ गेजचा, म्हणजे सुमारे २ मिलिमीटरचा. छिद्रांच्या अँगलची रॅक स्वस्त आणि फळ्या वरखाली करता येणारी असते, पण तिचे दोन दोष माहीत हवेत. एक, मागे कैचीच्या तिरक्या पट्ट्या आणि कोपऱ्यांत तिकोनी प्लेटा नसतील तर ती आडवी झुलते. बसवणारा माणूस वेळ वाचवायला नेमकं तेच गाळतो. दोन, बोल्टची टोकं बाहेर राहतात आणि मुलांच्या दंडाला, कानाला लागतात. बोल्टची डोकी वाटेच्या बाजूला आणि नट आत, शिवाय टोकावर टोपीचे नट, असं मागणीतच लिहा.

प्लाय घ्यायचा तर शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ हा सर्वसाधारण प्लायचा मानक क्रमांक, त्यात पाण्याला टिकणारी बीडब्ल्यूआर प्रत घ्या. आयएस ७१० हा मरीन प्लाय, तो ग्रंथालयाला गरजेपेक्षा भारी आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबलेल्या भुश्शाचा बोर्ड मात्र घेऊच नका. सनमायका लावल्यावर तो आणि प्लाय सारखेच दिसतात. पार्टिकल बोर्डाच्या कडेला पुसण्याचं पाणी लागत राहिलं की महिन्याभरात ती पोह्यासारखी फुगते, मग स्क्रू निघतो आणि पुन्हा त्या भोकात बसत नाही. ओळखायची खूण सोपी: फळीची न झाकलेली कड किंवा बिजागराचं भोक दाखवायला सांगा. थर दिसले तर प्लाय, भुसा दिसला तर नको.

जुन्या सागवानी वस्तू शाळेत असतील तर त्या सोडू नका. निखळलेले सांधे सुतार एका दिवसात पक्के करून देतो. बाभळीचं लाकूड मजबूत असतं, फक्त ते पुरतं वाळलेलं हवं. ओलं वापरलं तर मे महिन्यात तडकतं आणि टेबलाचे पाय फाकतात.

पातळ पुस्तकांसाठी वेगळी मांडणी

पिनेने शिवलेल्या १६ ते २४ पानी पुस्तकाला पाठच नसते. फळीवर उभं केलं की नाव दिसत नाही, मुलाला नुसत्या कागदाच्या कडा दिसतात. शाळेतली निम्मी पुस्तकं अशीच असतात, आणि ती न वाचली जाण्याचं हे मोठं कारण आहे. त्यांना मुखपृष्ठ दाखवणारी मांडणी लागते.

तिरकी मांडणी सुताराकडून करून घ्यायची तर पाठ १५ ते २० अंश मागे झुकलेली, पुस्तक टेकायची पट्टी ६ ते ७ सेंटिमीटर खोल, तिच्या पुढे ३ सेंटिमीटरची आडकाठी. दोन पट्ट्यांमध्ये २८ ते ३० सेंटिमीटर अंतर. ९० सेंटिमीटर रुंदीत चार पुस्तकं बसतात, चार ओळींत सोळा. आडकाठी ५-६ सेंटिमीटरची केली तर ती पुस्तकाचं नावच झाकते, कारण कित्येक मुखपृष्ठांवर नाव खाली असतं.

दुसरा उपाय खोक्याचा: ३५ सेंटिमीटर रुंद, ३० खोल, १८ ते २० उंच, वरून उघडा, बुटक्या बाकावर ठेवलेला. मूल पत्ते चाळावेत तशी पुस्तकं बोटाने पुढे करत बघतं. एका खोक्यात ४० पातळ पुस्तकं सैल बसतात. त्याहून जास्त टाकली की चाळता येत नाहीत. पैसेच नसतील तर भिंतीला दोन खिळे, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे, किंवा जाड कापडाचे खिसे शिवलेला पडदा. गावातली शिलाई करणारी ताई तो एका दुपारी शिवून देते. खिशाची उंची पुस्तकाच्या निम्मीच ठेवायला सांगा.

बसायची सोय

चौथीपर्यंतच्या मुलांना जमिनीवर बसवा, त्यांना ते आवडतं आणि जागा वाचते. एका मुलाला साधारण अर्धा चौरस मीटर धरा, म्हणजे तीस मुलांना १५ चौरस मीटर. सतरंजी दोन छोट्या तुकड्यांत घ्या, एकच मोठी नको. मोठी सतरंजी धुवायला कुणी उचलत नाही आणि आपल्याकडची धूळ तिच्यात साठत जाते. सतरंजीसोबत बैठी मेजं ठेवायची तर उंची २५ ते ३० सेंटिमीटर, मांडी घातलेले गुडघे खाली मावले पाहिजेत.

टेबल-खुर्ची घ्यायची असेल तर मुलाच्या उंचीवरून ठरवा. उंची ११० ते १२० सेंटिमीटर असेल तर खुर्चीची बैठक ३१ सेंटिमीटर आणि टेबल ५३. उंची १२० ते १४० च्या दरम्यान असेल तर बैठक ३५, टेबल ५९. उंची १४० ते १५५ असेल तर ३८ आणि ६४. त्याच्या पुढच्या मुलांना ४३ आणि ७१. बाजारात मिळणारी साधी प्लॅस्टिकची खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची, ४३ च्या आसपास असते. तिसरीतल्या मुलाचे पाय तिच्यावरून लोंबतात, मांडीखाली कड रुतते आणि मूल दहा मिनिटांत चुळबुळ करू लागतं. मग त्याचं वाचनात लक्ष नाही, असा निष्कर्ष निघतो. दोष त्याचा नसतो.

चार मुलांचं टेबल १२० बाय ७५ सेंटिमीटर. सहा-आठ मुलांची लांबलचक टेबलं घेऊ नका, खोली कधी सभेला, कधी परीक्षेला लागते आणि ती हलवायला चार माणसं लागतात. वरचा सनमायका फिका आणि विनाचमक घ्या, चकाकत्या पृष्ठभागावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब डोळ्यांत जातं. कोपरे गोल करून घ्या. पाइपच्या पायांना रबरी बूच हवेतच, आणि जादा बूच सुरुवातीलाच पन्नासेक घेऊन ठेवा. ते हरवतात, मग उघडा पाइप फरशी खरवडतो.

मागणीपत्र कसं लिहावं

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव झाला, दरपत्रकं मागवली, की तिन्ही दुकानदारांना एकच कागद द्या. ‘पुस्तकांची रॅक, चांगल्या प्रतीची, नग ३’ असं लिहिलं तर तीन वेगळ्या वस्तूंचे तीन भाव येतील आणि सगळ्यात पातळ पत्रा सगळ्यात स्वस्त ठरून तोच पदरी पडेल. असं लिहा:

‘पुस्तकांची रॅक, एकेरी, नग ३. उंची ११५, रुंदी ९०, खोली २५ सेंमी. फळ्या ३ व वरचा पृष्ठभाग, पत्रा २० गेज, चारही कडा दुमडलेल्या, टोकदार कड नको. मागे कैची पट्टी व कोपऱ्यांत तिकोनी प्लेट. खाली चार पायांना उंची कमी-जास्त करायचे बोल्ट, ५ सेंमी रुंद पायाच्या प्लेटसह. प्रत्येक फळीची भारक्षमता ५० किलो. पावडर कोटिंग, फिका रंग. फळीच्या पुढे ३ सेंमी लेबलपट्टी. पुस्तकांना टेकण, प्रत्येक फळीला २. वाहतूक, जोडणी, भिंतीला बांधणी व जीएसटीसह दर. प्रत्येक नगाचं वजन लिहावं.’

वजन मागायचं कारण आहे. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचं वजन ७.८५ किलो भरतं. पत्रा पातळ केला की वजन लपत नाही, आणि काटा गावात कुठेही मिळतो. टेकण म्हणजे पत्र्याचा काटकोनात वाकवलेला तुकडा, १५ सेंटिमीटर उंच. अर्धवट भरलेल्या फळीवर पुस्तकं कलंडून वाकडी होतात ती याच्याअभावी. वेल्डिंगवाल्याकडे उरलेल्या पत्र्यातून ती होतात.

समग्र शिक्षा योजनेतलं वार्षिक ग्रंथालय अनुदान शाळेच्या प्रकारानुसार ५ हजार ते २० हजार रुपये, आणि ते पुस्तकांसाठी असतं. त्यातून कपाट घेऊन पुस्तकांचे पैसे संपवू नका. फर्निचरसाठी लोकवर्गणी, माजी विद्यार्थी किंवा ग्रामपंचायत हे मार्ग बघा. देणगीदाराला माप लिहिलेला कागद आधीच द्या, नाहीतर तो प्रेमाने साडेसहा फुटी कपाटच आणून देतो.

माल आल्यावर

सही करण्याआधी तपासा. रॅक सपाट जागी उभी करून वरच्या कोपऱ्याला हाताने ढकला. ती तिरकी झुलली तर कैची पट्टी नाही किंवा बोल्ट सैल आहेत. कडांवरून रुमाल फिरवा, रुमाल अडकला तर मुलाचं बोटही कापेल. फळीखालच्या बाजूचा रंग बघा, पावडर कोटिंग अनेकदा फक्त वरून केलेलं असतं आणि गंज खालून सुरू होतो. वेल्डिंगच्या जागी काळसर, रंग न धरलेले ठिपके दिसले तर तेही गंजाचं मूळ. एक फळी पुस्तकांनी गच्च भरून रात्रभर ठेवा, सकाळी दोन्ही टोकांना दोरी ताणून मध्ये किती अंतर पडलं ते मोजा. ९० सेंटिमीटरला ४-५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर परत करा.

जागेवर बसवताना

काळ्या मातीवरच्या खोलीची फरशी स्थिर नसते. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यासोबत फरशी वरखाली होते. मे महिन्यात पाणसळीत बसवलेली रॅक ऑगस्टमध्ये पुढे कललेली सापडते. म्हणून पायांचे बोल्ट हवेत, आणि म्हणून वर्षातून दोनदा, मृग बरसून गेल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, पाणसळ लावून ते फिरवायचे असतात. रॅकखाली पुठ्ठ्याची घडी किंवा फरशीचा तुकडा सरकवणं धोक्याचं, ते निसटतं.

भिंतीपासून ५ सेंटिमीटर अंतर सोडा. पावसाळ्यात भिंतीत ओल उतरते, आणि वाळवीचे मातीचे बोगदे भिंतीवरून चढतात. मागे फट असेल तर ते डोळ्यांना दिसतात. पश्चिमेच्या खिडकीसमोर रॅक नको. एप्रिल-मेच्या उन्हाने मुखपृष्ठाचा लाल-पिवळा रंग आधी उडतो, मग डिंक सुकून पानं सुटतात. रॅक खिडकीला काटकोनात ठेवली तर वीज गेली तरी दोन्ही बाजूंच्या वाटेत उजेड येतो. पत्र्याच्या छताची खोली असेल तर छताच्या सगळ्यात जवळची फळी रिकामी ठेवा.

१२० सेंटिमीटरपेक्षा उंच प्रत्येक रॅक आणि कपाट बांधलंच पाहिजे. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांनी ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलाय. हिंगोली, नांदेड, परभणी भागाने २०२४ मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के अनुभवले. भूकंप नसला तरी फळीवर चढणारं मूल पुरेसं आहे. वरच्या फळीशी लोखंडी एल-पट्टी, दोन ठिकाणी, भिंतीत ८ मिलिमीटरच्या अँकर फास्टनरने (आवळला की छिद्रात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) पक्की करा. फास्टनर विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान ६० मिलिमीटर आत गेला पाहिजे. गिलाव्याचा थरच १२ ते २० मिलिमीटरचा असतो, त्यात ठोकलेली प्लॅस्टिकची गिट्टी आणि स्क्रू हाताने ओढला तरी निघतो. भिंत जुनी दगड-मातीची असेल तर तिच्यात छिद्रं पाडू नका. दोन रॅक पाठीला पाठ लावून बोल्टने जोडा, किंवा समोरासमोरच्या रॅक वरून आडव्या अँगलने एकमेकींना बांधा. अँगल दारातून येणाऱ्या मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर राहील याची खात्री करा. जड पुस्तकं नेहमी खालच्या फळीवर.

सगळं जागेवर बसलं की पुस्तकं भरण्याआधी एक मोठा पाऊस पडू द्या. गळकी जागा त्याच दिवशी कळते आणि रॅक सरकवणं तेव्हा सोपं असतं.

वर्षभराची निगा

धूळ आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने, वरच्या फळीकडून खाली. ओलं फडकं प्लायच्या कडांना लावू नका. दर महिन्याला रॅकच्या मागे टॉर्च मारून वाळवीची माती आहे का बघा. दिसली तर नुसती खरवडून भागत नाही, ती पुन्हा येते. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, फवारणी सुट्टीत करून घ्या आणि त्या खोलीत मुलांना लगेच बसवू नका. बोल्ट सत्रातून एकदा पान्याने आवळा, हे काम आठवी-नववीची मुलं हौसेने करतात. रंग उडालेल्या जागी सँडपेपर, मग रेड ऑक्साइड, मग रंग, एवढं मे महिन्यात उरकून घ्या. प्रत्येक नगावर जडवस्तू संग्रहातला क्रमांक ऑइलपेंटने मागच्या बाजूला लिहा. समोर लिहिला तर लेबलपट्टीवरच्या पुस्तक-विभागाच्या नावाशी मुलांचा घोळ होतो.